आईच्या नावावरचं क्रेडिट

मी चिंचवड सोडून जपानला निघाले त्या दिवशी विमानतळाच्या दारात आई मला ट्रॉलीवर सामान कसं लावायचं ते शिकवत होती. आजूबाजूला रडारड चालली होती. आमच्या शेजारी एक मुलगा अमेरिकेला निघाला होता आणि त्याची मावशी त्याचा हात सोडायलाच तयार नव्हती. आमची आई मात्र साडीवर कॅनव्हासचे बूट घालून उभी. "जड बॅग खाली, हलकी वर. खांदे मागे घे. पाय दुखायला लागले तर विमानात उठून चालायचं, लाजायचं नाही." ती शाळेत पी.टी.ची शिक्षिका होती. तीस-पस्तीस वर्षं मैदानावर उभी राहिलेली. माया दाखवायची तिची रीत म्हणजे सूचना देणं. बाबा तिच्या मागे उभे राहून उगाचच चष्मा पुसत होते. आत गेल्यावर मी काचेतून पाहिलं, तर आई त्या रडणाऱ्या मावशीला प्यायचं पाणी कुठे मिळतं ते दाखवत होती.

जे तिकडे राहिले आणि जे माझ्यासारखे निघाले, त्या दोघांसाठीही हे लिहिते आहे. आपण घरून कसे निघालो हे आपण सगळेच सांगतो. माझ्याकडे मात्र कुणीतरी माझ्याकडे आल्याची गोष्ट आहे, आणि ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

कोबेला मी डॉक्टरेटसाठी आले. भूकंपात इमारती कशा हलतात, कुठून तडकतात, हा माझा विषय. पहिलं वर्ष हॉस्टेलच्या खोलीत गेलं. कचऱ्याची चुकीची पिशवी चुकीच्या वारी ठेवली म्हणून तळमजल्यावरच्या नाकामुरा-सान नावाच्या आजी ती परत माझ्या दारात आणून ठेवायच्या, वर एक छोटी चिठ्ठी, अतिशय नम्र. रात्रीचं जेवण म्हणजे कोंबिनीतली, चोवीस तास उघड्या दुकानातली, ओनिगिरी. आईला फोनवर सांगायचे की भाताचा लाडू खाल्ला, म्हणजे तिला बरं वाटायचं. पुढे सुहास भेटला. तो मुंबईच्या एका ट्रेडिंग कंपनीकडून इथे पोस्टिंगवर आला होता. लग्न चिंचवडला झालं, संसार कोबेत. मग इरा झाली. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर जपानीत येतं. मी "जेवायला ये" म्हटलं की ती "हाय, इमा इकु", म्हणजे हो, आत्ता येते, म्हणते आणि येत काही नाही, म्हणजे त्या बाबतीत पोर अगदी मराठी आहे.

या सगळ्या वर्षांत आमचा प्रवास एकाच दिशेने चालला. आम्ही तिकडे जायचो. बॅगा इकडून किटकॅटने भरून न्यायच्या आणि तिकडून भाजणी, मेतकूट, कुळथाचं पीठ भरून आणायच्या. "घरी कधी जायचं?" असं आम्ही एकमेकांना विचारायचो तेव्हा त्याचा अर्थ चिंचवड असाच असायचा. कोबेतल्या जागेला आम्ही आधी रूम म्हणायचो, मग फ्लॅट. आई-बाबा कधी आले नाहीत. आधी आईची शाळा, मग बाबांची नोकरी, मग आजीचं आजारपण. पुढे कारणं संपली, पण न येण्याची सवय झाली होती.

ती मोडली इराच्या शाळेने. इरा पहिलीत गेली आणि मे महिन्यात तिच्या शाळेचा उंदोकाई झाला. उंदोकाई म्हणजे शाळेचा क्रीडादिन, पण इकडे तो सणासारखा असतो. अख्खं कुटुंब निळी चटई घेऊन मैदानाच्या कडेला बसतं. मी आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. तिने तासभर प्रश्न विचारले. रेषांची फक्की कशाने मारतात? वळणावर लेन मोकळी असते की आखलेली? रिलेचा बॅटन उजव्या हातात देतात की डाव्या? शेवटी ती म्हणाली, "पुढच्या वर्षी हे मी प्रत्यक्ष बघणार." बाबा मागून म्हणाले की आता ही ऐकायची नाही.

जानेवारीत सुहासने दोघांची तिकिटं काढली. सगळ्यात स्वस्त भाड्याची, म्हणजे ज्याचे पैसे परत मिळत नाहीत ती. तेव्हा तो शहाणपणाच वाटला, कारण रद्द करायचा प्रश्नच नव्हता. मुंबईहून निघायचं, मध्ये विमान बदलायचं आणि ओसाकाला उतरायचं. तिथून कोबे जवळच. व्हिसाची कागदपत्रं झाली. आईने बूटसुद्धा नवे घेतले.

एप्रिलमध्ये एके दिवशी जिना उतरताना तिचा गुडघा अडकला, तो सुटेचना. मैदानावर झिजलेला गुडघा, कधीतरी हे होणारच होतं असं डॉक्टर म्हणाले. गुडघा बदलावा लागेल, त्याआधी साखर आटोक्यात आणावी लागेल, आणि तोवर विमानाचं नाव काढायचं नाही. इराने उंदोकाईसाठी आजीचं जपानीत नाव लिहिलेला एक कागदी झेंडा केला होता. तो तिने न बोलता दप्तराच्या कप्प्यात ठेवला. त्या वर्षी चटईवर आम्ही दोघंच बसलो.

तिकिटं रद्द केली. करांचा भाग सुहासच्या कार्डावर परत आला आणि उरलेल्याचं ट्रॅव्हल क्रेडिट मिळालं. आईच्या नावावर एक, बाबांच्या नावावर एक. मला वाटलं, चला, पैसे तर वाचले. पण क्रेडिट आणि पैसे यांत किती अंतर आहे ते मला पुढच्या काही महिन्यांत कळलं. पैसे कुणालाही देता येतात. आईचं क्रेडिट फक्त आईलाच वापरता येणार होतं, बाबांनासुद्धा नाही. ते एकदा घेतलं की त्याचे पुन्हा पैसे होत नव्हते. एकाच तिकिटात ते संपवायचं. नवं तिकीट महाग निघालं तर वरचा फरक आपण भरायचा, स्वस्त निघालं तर उरलेलं बुडालं. आणि ते फक्त त्याच कंपनीच्या विमानांना चालणार होतं. आमच्या पहिल्या तिकिटातला ओसाकाचा टप्पा दुसऱ्या, भागीदार कंपनीचा होता. म्हणजे ओसाका गेलं.

सगळ्यात वाईट बातमी मुदतीची होती. आम्ही धरून चाललो होतो की रद्द केल्यापासून वर्षभर क्रेडिट चालेल. ते वर्ष पहिलं तिकीट काढलं त्या दिवसापासून मोजलेलं निघालं. म्हणजे येत्या जानेवारीपर्यंतच. आईचं ऑपरेशन ठरलं सप्टेंबरात. जानेवारीत ती जेमतेम काठी घेऊन सोसायटीच्या बागेला फेरी मारत असणार होती. आईने सुचवलं की बाबांनी त्यांच्या क्रेडिटवर एकट्याने जाऊन यावं. बाबा म्हणाले, "मी एकटा तिथे जाऊन काय करू? मला तर फक्की कशाने मारतात तेही विचारता येणार नाही." त्यांनी मला सांगून टाकलं की आता हा विषय सोड. जे गेलं ते गेलं.

मला सोडवेना. इमारतीला तडा गेला की ती पडणारच असं आम्ही लगेच म्हणत नाही. आधी भार नेमका कुठे येतोय ते बघतो. मी लॅबमधून, जेवणाच्या सुट्टीत, विमान कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावत बसायचे. दर वेळी वेगळा आवाज आणि तेच उत्तर, क्रेडिट जानेवारीपर्यंत व्हॅलिड आहे. मीही दर वेळी तोच प्रश्न विचारत होते, मुदत वाढवून मिळेल का, आणि नाही ऐकून फोन ठेवत होते.

डिसेंबरात एकदा फोनवर एक मुलगी आली. आवाजावरून तरुण, घाईत नसलेली. तोवर मी "वाढवून द्या" म्हणून थकले होते. मी तिला निराळंच विचारलं.

"जानेवारीपर्यंत नक्की काय व्हायला हवं? प्रवास, की फक्त तिकीट काढणं?"

तिने होल्डवर टाकू का विचारलं. तेच ते वाद्यसंगीत ऐकत मी थंड झालेला बेंतोचा डबा उघडला. ती परत आली आणि म्हणाली, "मॅडम, तिकीट इश्यू व्हायला हवं. प्रवासाची तारीख त्यानंतरची चालेल. आमच्या सिस्टिममध्ये ज्या तारखांना बुकिंग उघडलेलं आहे, त्यातली कोणतीही."

मी तिला ते पुन्हा सांगायला लावलं. मग ते ईमेलवर लिहून द्यायची विनंती केली, आणि तिने दिलं. मी मेचा महिना उघडला आहे का विचारलं. उघडला होता. शेजारच्या टेबलावरचा माझा सहकारी मोरी-सान काय झालं म्हणून बघायला लागला. मी त्याला जपानीत सांगायला गेले आणि अर्धं वाक्य मराठीत बोलले.

पण तिने आणखी एक गोष्ट सांगितली होती, आणि ती तिने आपणहून सांगितली म्हणून मी अजून तिचे आभार मानते. क्रेडिटवर काढलेलं तिकीट पुन्हा रद्द केलं तर काहीच मिळणार नाही. नवं क्रेडिट नाही, परतावा नाही. म्हणजे आता तिकीट काढायचं आणि मेपर्यंत गुडघा तयार झाला नाही, तर सगळं संपलं. ऑपरेशनला तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते.

संध्याकाळी मी चिंचवडला फोन केला आणि सगळं समजावून सांगितलं. बाबा नको म्हणाले. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. एकदा अडकलो, पुन्हा कशाला अडकायचं, आणि हिच्या डोक्यावर तारखेचं ओझं कशाला. सुहासने सांगितलं की पैशाचा विचार करू नका, तुम्हाला झेपेल तेच करा. डॉक्टरांना आईने आधीच विचारून ठेवलं होतं. व्यायाम नेमाने केला तर मेमध्ये हरकत नाही, असं ते म्हणाले होते, पण त्या "तर"वर त्यांनी जरा जोर दिला होता.  मागे कुकरची शिट्टी झाली.

"काढ तिकीट," आई म्हणाली. "गुडघ्याला तारीख कळली पाहिजे. मैदानावरसुद्धा मुलं स्पर्धेची तारीख लागल्याशिवाय धावत नाहीत."

तिकीट काढताना प्रवाशाने स्वतः फोनवर होकार द्यायचा होता. म्हणून मी, चिंचवड आणि कंपनीचा माणूस असा तिघांचा कॉल लावला. बाबांचा होकार आधी झाला. त्याने आईला इंग्रजीत सगळे नियम वाचून दाखवले आणि हे तुम्हाला मान्य आहे का विचारलं. आईने शाळेत परेडच्या वेळी वापरायची त्या आवाजात सांगितलं, "नाव बदलणार नाही. पैसे परत नाहीत. तारीख चुकली की संपलं. आय अ‍ॅग्री. प्लीज बुक." पलीकडचा माणूस थोडा दचकला असावा, कारण त्याने तिला "येस, टीचर" म्हटलं. ती तो शब्द अजून सगळ्यांना सांगते.

त्यानंतरचे महिने इराने गाजवले. आईला रोज गुडघा वाकवायचा, सरळ करायचा, पाय उचलून धरायचा होता. इरा शाळेतून आली की फोन टेबलावर टेकवून समोर बसायची आणि आजीसाठी मोजायची. "इची, नी, सान, शी..." तिच्या शाळेत सकाळी संगीतावर करतात तो व्यायाम तिने आजीला शिकवला, आजीने तिला आपल्याकडचे सांघिक कवायतीचे प्रकार. चुकलं की दोघीही एकमेकींना रागवायच्या, एक मराठीत, दुसरी जपानीत, आणि दोघींना सगळं समजायचं. घरी येणारा फिजिओथेरपिस्टही जपानीत मोजायला लागला, असं बाबा सांगायचे. फेब्रुवारीत काठी सुटली. मार्चमध्ये ती जिना चढली आणि तिने मला फोन न करता इराला केला.

विमान टोकियोचं मिळालं होतं, कारण कंपनीचं स्वतःचं विमान तिथेच उतरत होतं. मी आदल्या दिवशी टोकियोला गेले. माझी पुण्याची मैत्रीण वैशाली ओजिमाच्या सरकारी वसाहतीत राहते. पहिली रात्र तिच्याकडे काढून दुसऱ्या दिवशी शिंकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, कोबेला जायचं ठरलं होतं. आईसाठी मी व्हीलचेअर सांगून ठेवली होती, विमान बदलायच्या ठिकाणीही आणि इथेही. मी दाराशी उभी राहिले. माणसं येत होती, जात होती. मग व्हीलचेअर ढकलणारा एक गणवेशातला मुलगा दिसला आणि खुर्ची मीच सांगितली असूनही मला वाटलं, गुडघ्याचं काहीतरी झालं. पण खुर्चीत बाबा बसले होते. मांडीवर दोन पिशव्या, चेहरा ओशाळलेला. आणि आई पुढे चालत होती, खांदे मागे, त्या मुलाला वाट करून देत.

"यांना विमानतळ फार मोठा पडला," ती म्हणाली. "मी म्हटलं, आता पैसे भरलेच आहेत खुर्चीचे तर बसा." खुर्चीचे पैसे नसतात हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

मी रडले. विमानतळावर पहिल्यांदाच. इतक्या वेळा निघताना आलं नव्हतं ते सगळं रडू त्या दिवशी एकदम आलं. आईने मला पाठीवर थोपटलं आणि ट्रॉली कुठे मिळते ते विचारलं.

ओजिमाला वैशालीने पिठलं-भात केला होता. दुसऱ्या दिवशी शिंकानसेनच्या फलाटावर लोक आखलेल्या रेषेवर उभे राहतात हे बघून आई इतकी खूश झाली की तिने बाबांना रेषेच्या मागे सरकायला लावलं. कोबेत आल्यावर पहिल्या आठवड्यात तिने कचऱ्याचे वार पाठ केले. आता इमारतीच्या दुसऱ्या टोकाला नाकामुरा-सानसारख्याच एक आजी राहतात. त्यांच्याशी तिची खुणांनी मैत्री झाली. बाबा रोज सकाळी बंदरावर जाऊन जहाजं बघायचे आणि कोणत्या जहाजावर किती कंटेनर असतील याचा अंदाज बांधून मला संध्याकाळी सांगायचे. मी कामावरून यायचे तेव्हा दिवा लागलेला असायचा आणि फोडणीचा वास जिन्यापर्यंत येत असायचा. लहान गोष्ट आहे. पण परदेशात राहिलेल्या कुणालाही विचारा, आपण किल्ली न काढता दारात शिरणं काय असतं.

उंदोकाईचा दिवस उजाडला. इराची शाळा चढावर आहे, आणि कोबेचे चढ चेष्टेचे नाहीत. सुहासने टॅक्सीचं विचारलं. आईने ते ऐकलंच नाही असं दाखवलं. ती मध्ये दोनदा थांबली, कठड्याला धरून, आणि दोन्ही वेळा समुद्र बघायला थांबल्यासारखं केलं. आम्हीही समुद्र बघितला. वर पोचल्यावर तिने घाम पुसला आणि मैदानाकडे बघून पहिलं वाक्य म्हणाली, "लेन छान आखल्या आहेत."

आधीच्या दोन्ही वर्षी आम्ही मागे, झाडाजवळ चटई टाकली होती. कुणी सांगितलं नव्हतं, आपलेच आपण मागे बसलो होतो. आईने चटई उचलली आणि वळणाच्या जवळ, अगदी दोरीला लागून टाकली. तिथे बसलेल्या कुटुंबाने हसून जागा करून दिली. इराने धावताना आम्हाला शोधायला मान वळवली नाही, कारण आम्ही समोरच होतो. तिचा गट रिलेत तिसरा आला, पण तिने बॅटन घेतला तो इतका साफ की आईने उभं राहून टाळ्या वाजवल्या.

मग शिक्षकांनी भोंग्यावरून आजी-आजोबांना बोलावलं. उंच खांबावर टोपली आणि खाली पसरलेले लाल-पांढरे कापडी चेंडू. ते टोपलीत टाकायचे. मी आईकडे पाहिलं, तोवर ती बूट घट्ट बांधत होती. पहिला चेंडू चुकला. दुसरा कडेला लागला. मग तिने दोन पावलं मागे घेतली, खालून हात फिरवला आणि चेंडू टोपलीत पडायला लागले, एकामागून एक. शेजारच्या एका आजींचे चेंडू टोपलीपर्यंत पोचतच नव्हते. आईने त्यांचं मनगट धरून त्यांना खालून फेकायला शिकवलं, मराठीतून. त्यांचा चेंडू आत गेला तेव्हा दोघींनी एकमेकींना नमस्कार केला, एकीने हात जोडून, दुसरीने वाकून.

इराच्या मैत्रिणी दोरीपाशी गोळा झाल्या होत्या. ही कोण, असं त्यांतल्या एकीने विचारलं. इरा छाती पुढे काढून म्हणाली, "उची नो ओबाच्यान."

हे शब्द मी इतक्या वर्षांत कितीदा ऐकले असतील. जपानीत आपल्या माणसाला असंच म्हणतात. उची म्हणजे घर, आणि उची म्हणजेच आमचं. दोन्हींना एकच शब्द. मी घर कुठलं, या प्रश्नापाशी वर्षानुवर्षं अडखळत होते, आणि माझ्या लेकीला त्यात प्रश्नच दिसत नव्हता. तिचं घर त्या मैदानावर, बूट घालून, साडी खोचून उभं होतं.

पहिली फेरी संपली होती. आई धापा टाकत दोरीपाशी आली आणि तिने विचारलं, "काय म्हणाली गं ती?"

"म्हणाली, ही आमच्या घरची आजी."

"मग दुसऱ्या कुणाच्या घरची असणार?" आई म्हणाली, आणि दुसऱ्या फेरीसाठी चेंडू गोळा करायला गेली.